काटा वळणाआधी चढतो

गाडीचा उष्णतेचा काटा हलतो की हलत नाही, या प्रश्नावर एका सुशिक्षित कुटुंबात सव्वा महिना खल झाला. ज्या एका व्यक्तीने तो हलताना पाहिला होता, तिचे मत सोडून बाकी सर्वांची मते त्यात विचारात घेण्यात आली.

ती व्यक्ती एकाहत्तर वर्षांची होती, विधवा होती आणि निवृत्त होती. साक्षीदाराला बाद ठरवायला यांतले एक कारणही पुरले असते; इथे तिन्ही एकदमच हजर होती.

ओळखीचे सगळे त्यांना सूचीबाई म्हणत. शहराच्या मोठ्या ग्रंथालयात चौतीस वर्षे त्यांनी एकच काम केले. येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाचे तळहाताएवढे कार्ड लिहायचे आणि ते लाकडी खणात त्याच्या हक्काच्या जागी ठेवायचे. चुकीच्या खणात गेलेले कार्ड म्हणजे जिवंत माणसाच्या नावाने निघालेला मृत्यूचा दाखला, असे त्या नव्या कारकुनांना बजावत, आणि ते कारकून त्यांच्या पाठीमागे काय म्हणत तेही त्यांना पाठ होते. पुढे संगणक आला, खण भंगारात निघाले, बाई निवृत्त झाल्या. कोऱ्या कार्डांचे दोन खोके मात्र त्यांनी घरी आणले. त्यासाठी रीतसर अर्ज केला होता. अर्जाला उत्तर आले नाही, तेव्हा तो मंजूर झाला असे त्यांनी गृहीत धरले. आयुष्यात गृहीत धरलेली ही आपली एकमेव गोष्ट, अशी त्यांची समजूत होती.

गाडी पंधरा वर्षांची, राखी रंगाची, चणीने लहान. दर गुरुवारी सकाळी साडेदहाला ती फाटकातून निघे आणि टेकडीपलीकडे, एकोणीस किलोमीटरवर राहणाऱ्या थोरल्या बहिणीच्या दारात उभी राही. थोरली एकोणऐंशी वर्षांची. गुडघे गेलेले, कान निम्मे गेलेले, जीभ शाबूत. अकरा ते चार दोघी बहिणी भांडत. आईने शिवणयंत्र नेमके कोणाला दिले होते आणि बाबांनी शेवटी हाक कोणाला मारली, हे दोन विषय पंचवीस वर्षे पुरून उरले होते. टेकडीपलीकडे बस जात नसे आणि थोरलीकडे आठवडाभरात दुसरे कोणी फिरकत नसे. कामवाली येई, पण कामवालीशी भांडावे तर ती काम सोडून जाईल ही भीती. बहिणीला ती सोय नसते.

गाडी गेली तर गुरुवार जाणार होता. एवढाच सगळा मामला. बाकी काट्याचे काय, तो हलो की न हलो.

झाले असे की, चिरंजीवांची स्वतःची गाडी दुरुस्तीला गेली म्हणून त्यांनी आईची गाडी चार दिवस नेली आणि पाचव्या दिवशी धुऊन, पुसून, आरशाला सुगंधी पुठ्ठ्याचे पान टांगून परत आणली. लेकाने न सांगता गाडी धुतली, याचे बाईंना इतके अप्रूप वाटले की त्यांनी ही गोष्ट थोरलीला फोन करून सांगितली. थोरली म्हणाली, "काहीतरी फोडलं असेल." बाईंनी फोन ठेवून दिला.

त्यानंतरच्या पहिल्याच गुरुवारी, फाटकातून रस्त्यावर येताना, त्यांची नजर काट्यावर गेली. इंजिन गार होते. काटा तळाशी निजलेला असायला हवा होता. तो तबकडीवर दोन घरे वर आला, आणि गाडी रस्त्याला लागताच पुन्हा निजला. पाण्याच्या टाकीपाशी चढला, उतरला. पुलाच्या तोंडाशी चढला, उतरला. थोरलीच्या घरापर्यंत असे सात वेळा झाले. एखाद्या सभेत प्रत्येक ठरावाला हात वर करणारा सभासद असतो, तशी त्याची तऱ्हा.

बाई घरी आल्या, खोका उघडला आणि सात कार्डे लिहिली. "क्रमांक ४. पाण्याच्या टाकीजवळ, उजवे वळण. इंजिन तापलेले. वळणाआधी काटा मध्यावरून दीड घर वर. वळण संपताच खाली." अक्षर छापल्यासारखे. मग त्यांनी चिरंजीवांना फोन लावला.

चिरंजीव एका मोठ्या कंपनीत जोखीम विभागाचे प्रमुख होते. म्हणजे कोणते संकट येऊ शकेल हे आधी ओळखून, ते आल्यावर आपण जबाबदार नव्हतो अशी व्यवस्था करणे, हे त्यांचे काम.

"आई, पंधरा वर्षांची गाडी आहे. काटा हलणारच. या वयात तुझा हात नाही का हलत?"

"माझा हात हलत नाही."

"बरं, नसेल हलत. मुद्दा तो नाहीये."

"मुद्दा तूच काढलास."

रविवारी चिरंजीव आले, आईला शेजारी बसवले आणि स्वतः गाडी चालवून पाहिली. एक हात स्टिअरिंगवर, दुसरा खिडकीबाहेर वारा खात. बाजाररस्ता, पूल, दोन चौक, सगळे फिरले. समोरच्या तीन रांगांपैकी आपण कोणत्या रांगेत आहोत आणि कोणत्या रांगेत जाणार आहोत, हे त्यांनी इतर वाहनांना शेवटपर्यंत कळू दिले नाही. जे काही सांगायचे ते हॉर्नने सांगितले. बाई एका हाताने दाराची मूठ धरून आणि डोळे मिटून बसल्या होत्या. काट्यासाठी तेवढे उघडायच्या. काटा मध्यावर दगडासारखा बसून होता.

"हलला?"

"नाही."

"एकदा तरी हलला?"

"नाही म्हटलं ना."

चिरंजीवांनी गाडी फाटकात उभी केली आणि आवाज खाली आणला. एरवी मोठ्याने बोलणारा मुलगा आईशी हळू बोलू लागला की समजावे, त्याने बाहेर कोणाशी तरी आईबद्दल बोलून घेतले आहे.

"आई, रागावू नकोस. परवा तू मला दोनदा फोन करून तेच तेच सांगितलंस."

"पहिल्यांदा तू ऐकत नव्हतास म्हणून."

"गार इंजिनाचा काटा चढतो म्हणतेस. कसं शक्य आहे? डोळ्यांचं एकदा बघून घेऊ. आणि नुसतं डोळ्यांचंच असं नाही, सगळंच. एक चांगला माणूस आहे माझ्या ओळखीचा."

"कसला माणूस?"

चिरंजीवांनी कसला ते सांगितले नाही. पण जाताजाता मुदत सांगितली. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारपर्यंत मेस्त्रीने दोष शोधून दिला तर उत्तम. नाही दिला, तर याचा अर्थ दोष गाडीत नाही. मग किल्ली त्यांच्याकडे.

"आणि माझा गुरुवार?"

"मावशीला व्हिडिओ कॉल करत जा ना. समोरासमोर बसल्यासारखंच."

बाईंनी तोही करून पाहिला. न तपासता एखादी गोष्ट फेटाळणे त्यांच्या स्वभावात नव्हते. थोरलीने फोन सवयीने कानाला लावला. बाई पंचवीस मिनिटे त्या कानाशी भांडल्या.

मेस्त्रींचे गॅरेज पत्र्याच्या शेडमध्ये होते. जमीन तेलाने काळी झालेली, भिंतीवर लोखंडी पाने उतरत्या क्रमाने टांगलेले. ही मांडणी पाहून बाईंना त्या माणसाबद्दल पहिल्या भेटीतच आदर वाटला होता. मेस्त्री पन्नाशीचे, अंगाने भरलेले. लांब पेचकसाचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटत, आणि मग जो काही निकाल देत तो ठाम देत. त्यांचा पुढचा निकालही तितकाच ठाम असे.

पहिला निकाल पाण्याचा. "मावशी, कूलंट कमी झालंय. आत हवा धरलीय. वळणावर पाणी कलतं, सेन्सर उघडा पडतो, काटा नाचतो. साधी गोष्ट आहे." त्यांनी कूलंट भरले, झाकण उघडे ठेवून इंजिन चालवले, बुडबुडे जाईपर्यंत वाट पाहिली, गाडी फिरवून आणली. काटा गप्प. बाई गाडी घेऊन निघाल्या आणि गॅरेजच्या फाटकातच तो दीड घर चढला.

दुसरा निकाल थर्मोस्टॅटचा. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरायचे आणि तापले की वाट मोकळी करायची, हे त्या लहानशा झडपेचे काम. मेस्त्रींनी ती काढली, चहाच्या पातेल्यात पाणी उकळत ठेवले आणि झडप दोरीने त्यात सोडली. दोघे पातेल्यावर वाकून पाहत राहिले. झडप वेळेवर उघडली, बाहेर काढताच वेळेवर मिटली.

"अगदी निर्दोष आहे," बाई म्हणाल्या.

"बदलून टाकू," मेस्त्री म्हणाले.

बदलली. मेस्त्रींनी गाडी फिरवली, काटा गप्प. बाईंनी फिरवली, पहिल्याच कोपऱ्यावर काटा वर. तिसऱ्या वेळी सेन्सर बदलला आणि हेच सगळे पुन्हा पहिल्यापासून घडले. तेव्हा मेस्त्रींनी फडक्याला हात पुसले, ते आधीच स्वच्छ होते तरी पुसले, आणि म्हणाले,

"मावशी, राग मानू नका. गाडी बरी आहे."

"मग आजारी कोण आहे?"

मेस्त्री भिंतीवरच्या पान्यांकडे पाहू लागले.

ज्ञानाचा इतिहास अशा भिंतीकडे पाहणाऱ्यांनी भरलेला आहे. एकाला दिसते आणि दहांना दिसत नाही, तेव्हा दहांनी आपण वेगळे काय करतो ते पाहावे, हा साधा शिरस्ता. पण दहांना तसे करण्याची गरज कधी वाटलेली नाही, कारण एकाच्या डोक्यावर हात ठेवून "दमला असाल" म्हणणे फार कमी कष्टाचे असते. सूचीबाईंना हे वाचून माहीत होते. अशी पुस्तके त्यांनी स्वतः खणात लावली होती. मात्र ते पुस्तक आपल्यावरच उघडले जाईल, आणि तेही एका काट्यापायी, हे त्यांना कोणत्या सूचीत आढळले नव्हते. त्या रात्री त्यांनी आरशासमोर उभे राहून दोन्ही हात पुढे धरले. हात हलत नव्हते. तरी त्या बराच वेळ बघत राहिल्या, आणि याचाच त्यांना सर्वांत जास्त राग आला.

मुदतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, त्या गॅरेजमध्ये गेल्या आणि कार्डांचा खोका मेस्त्रींच्या बाकावर ठेवला.

"त्रेचाळीस आहेत. वाचा."

"मावशी, माझं काम हातानं करायचं आहे, वाचायचं—"

"वाचा."

मेस्त्रींनी चष्मा शोधला. पाच-सहा कार्डे त्यांनी शिष्टाचार म्हणून वाचली. सातव्यापाशी थांबले, मागची पुन्हा काढली.

"हे 'वळणाआधी' लिहिलंय ते?"

"त्याचं काय?"

"वळणाआधी म्हणजे वळताना ना?"

"वळणाआधी म्हणजे वळणाच्या आधी. वळताना असतं तर मी वळताना लिहिलं असतं."

"सगळीकडे?"

"त्रेचाळीसही ठिकाणी."

मेस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवला. "पाणी हलायचं तर गाडी वळताना हलेल. आधी कसं हलेल? पाण्याला काय रस्ता पाठ आहे?"

पाच आठवड्यांत पहिल्यांदाच कोणीतरी बाईंना नव्हे, काट्याला प्रश्न विचारला होता. बाईंना एकदम बसावेसे वाटले. पण बसायला जागा नव्हती, सर्वत्र तेल होते.

"चला," मेस्त्री म्हणाले. "मी चालवतो. तुम्ही शेजारी बसा. जिथं जिथं चढला तिथंच नेतो."

पहिले वळण, काटा गप्प. दुसरे, गप्प. तिसऱ्या वळणावर बाईंचे लक्ष काट्यावरून उडाले. एक जुना संताप हळूहळू वर येत होता, आणि तो काट्याबद्दलचा नव्हता.

"मेस्त्री, तुम्ही इंडिकेटर का देत नाही?"

"मागं कोण आहे?"

"म्हणजे?"

"मागं कुणी नाहीये. कुणाला दाखवायचा?"

"समोर रिक्षा होती."

"त्याला दिसतंय की मी वळतोय ते."

"वळल्यावर दिसतंय. वळायच्या आधी त्याला काय स्वप्न पडणार आहे?"

"अहो मावशी, या रस्त्यानं आलेला माणूस इकडंच वळतो. पुढं नुसती भिंत आहे. सगळ्या गावाला माहितीये."

"आणि ज्याला माहीत नाही तो?"

"तो हळू येतो."

चौथ्या वळणापाशी एक सायकलवाली बाई डाव्या बाजूने, पिशव्या सांभाळत, भाबडेपणाने येत होती. मेस्त्री तिच्या पुढून डावीकडे वळायच्या बेतात होते. सूचीबाईंचा संयम तिथे संपला. त्यांनी सरळ पलीकडे हात घातला आणि स्टिअरिंगमागची दांडी ओढली.

इंडिकेटर टकटक करू लागला. काटा दीड घर वर चढला.

सायकलवाली थबकली, गाडीकडे पाहून चकित झाली आणि थांबून राहिली. गाडीही थांबली. मेस्त्रींनी दांडी जागेवर आणली, काटा खाली. दांडी ओढली, काटा वर. उजवीकडची करून पाहिली, वर. मागून एकाने हॉर्न वाजवला. त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

"मावशी," मेस्त्री अगदी हळू म्हणाले, "तुम्ही दर वळणाला हे लावता?"

"अर्थात."

"रिकाम्या रस्त्यावर पण?"

"रिकामा आहे हे मला कसं कळणार? मला न दिसलेलाही कोणी असू शकतो."

"फाटकातून निघताना पण?"

"फाटकातून निघताना तर हमखास."

"बावीस वर्षं गॅरेज चालवतोय," मेस्त्री म्हणाले, आणि त्यांनी दांडी आणखी एकदा ओढून पाहिली.

बाई मनातल्या मनात कार्डे उलटत होत्या. त्रेचाळीस कार्डांवर त्यांनी वेळ लिहिली होती, जागा लिहिली होती, इंजिन गार की गरम ते लिहिले होते, दोन ठिकाणी तर वाऱ्याची दिशाही नोंदवली होती. इंडिकेटर एकाही कार्डावर नव्हता. वळायच्या आधी तो द्यायचा असतो. माणूस लिहिताना श्वास घेतो, म्हणून कोणी प्रत्येक नोंदीखाली "श्वास घेतला" असे लिहीत नाही. आपण जे करतो ते सगळेच करतात, इतके साधे त्यांनी गृहीत धरले होते. आणि ही गाडी चालवणाऱ्या तिघांपैकी ज्या कारणाने हा दोष केवळ त्यांनाच दिसला, ते कारण भ्रम नव्हते, कायदा पाळणे हे होते. डॉक्टरकडे न्यायला माणूस चुकीचा निवडला होता.

मेस्त्रींनी आता भर सकाळी हेडलाइट लावले. काटा एका सेकंदात लाल पट्ट्याला जाऊन टेकला.

"बघा! इंजिन काय एका सेकंदात उकळतंय? हा ताप नाहीच. अर्थिंगचा घोळ आहे." परत येताना ते उत्साहाने सांगत होते, आणि बाईंकडे तिरपे पाहत प्रत्येक वळणाला इंडिकेटर देत होते. दिव्यात गेलेली वीज गाडीच्या पत्र्यातून परत येते. पुढच्या दिव्यांची आणि काट्याची परतीची तार एकाच बोल्टला बांधलेली. तो बोल्ट पत्र्याला नीट भिडला नाही की दिव्याची वीज परतायला वाट शोधत काट्याच्या तारेत घुसते, आणि काट्याला वाटते की इंजिन तापले.

गॅरेजच्या दारात चिरंजीवांची गाडी आडवी उभी होती. आई घरी नाही, फोन उचलत नाही, म्हणून ते मुदतीच्या एक दिवस आधीच किल्लीच्या शोधात आले होते.

"आई, अजून हेच चाललंय का?"

"साहेब, सापडलं," मेस्त्रींनी बॉनेट उघडत सांगितले. "मावशी खरं बोलत होत्या. इंडिकेटर लावला की काटा चढतो."

चिरंजीवांनी विचार केला. जोखीम विभागात असा विचार ते दिवसातून अनेकदा करत असावेत, कारण त्याला चार सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला नाही.

"मग इंडिकेटर देऊ नकोस. झालं!"

मेस्त्री बॉनेटच्या आत वाकले होते, तिथेच वाकलेले राहिले. बाईंनी मुलाकडे पाहिले. ग्रंथालयात पुस्तकाचे पान फाडताना सापडलेल्या एका प्राध्यापकाकडे त्यांनी एकदा असे पाहिले होते. त्याने नंतर बदली मागून घेतली.

"तू गाडी चालवून दाखवलीस त्या दिवशी," त्या म्हणाल्या, "एकदाही दिला नव्हतास."

"त्याचा काय संबंध?"

"तोच तर संबंध."

डाव्या दिव्यामागे, पत्र्याच्या पोटात, मेस्त्रींचा पाना एका बोल्टला लागला. बोल्ट निघाला. त्याखालच्या पत्र्यावर त्यांनी नख फिरवले, मग टॉर्चचा झोत पाडला.

"मावशी, इकडं या. इथं रंग मारलाय. रंगावरूनच बोल्ट आवळलाय, तर अर्थिंग मिळणार कुठून? आणि रंग ताजा आहे. मूळ राखीपेक्षा जरा निळसर."

"मी गाडीला कधी रंग दिला नाही."

मेस्त्रींनी चाकावरच्या पत्र्यावर बोटाने टिचकी मारली. मागच्या बाजूला टण् वाजले. पुढच्या कोपऱ्यावर थप् वाजले. "पुट्टी भरलीय. हा कोपरा चांगलाच आत गेला होता. कुणीतरी घाईघाईत काढून, रंगवून घेतलाय." मग ते सरळ झाले आणि, मनात काही नसताना माणूस विचारतो तसे, चिरंजीवांना म्हणाले, "साहेब, कुठं ठोकली होती?"

"कोण? मी?"

"गाडी."

"तो... खांब होता. पार्किंगमधला." चिरंजीवांनी टाय नसताना टाय सैल केल्यासारखे केले. "फार विचित्र जागी होता."

"खांब हलला का?" बाईंनी विचारले.

"आई..."

"एकदा तरी हलला?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून बोललो नाही. तू त्या गाडीला किती जपतेस."

"पत्रा गेल्याचं मला वाईट वाटलं असतं. डोकं गेल्याचं वाटणार नाही, असा हिशेब केलास?"

"मला खरंच वाटलं होतं आई, की तुला भास होतायत," चिरंजीव म्हणाले, आणि हे वाक्य आपल्या बाजूने नाही हे ते संपल्यावर त्यांच्या लक्षात आले. "खांबाचा आणि काट्याचा संबंध असेल हे मला कसं कळणार?"

"विचारलं असतंस तर मला कळलं असतं. चार दिवसांत गाडीला काय झालं, हे पहिलं कार्ड झालं असतं."

मेस्त्रींनी पॉलिश पेपर घेऊन पत्रा घासायला सुरुवात केली. या घरगुती प्रसंगी काहीतरी आवाज असलेला बरा, असे त्यांना वाटले असावे. निळसर राखी भुकटी खाली पडली आणि आतून रुपयाएवढा पत्रा लखलखीत वर आला. तारेचे टोक घासले, बोल्ट आवळला, वरून ग्रीसचे बोट फिरवले. सगळे मिळून दहा मिनिटे. मग बाई चालकाच्या जागी बसल्या. इंजिन सुरू, डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर, हेडलाइट, वायपर, पंखा, हॉर्न, सगळे एकदम. गॅरेजमध्ये वरातीसारखा गोंधळ उठला. काटा जागचा हलला नाही.

"किल्ली माझ्याकडे राहील," बाई खिडकीतून म्हणाल्या. "आणि त्या तुझ्या ओळखीच्या चांगल्या माणसाकडे तू जाऊन ये. डोळे दाखव. खांब दिसत नाहीत म्हणावं."

चिरंजीवांनी मान हलवली. दार अडवून उभी असलेली गाडी मागे घेताना त्यांनी आरशात पाहिले. आई आणि मेस्त्री दोघेही हाताची घडी घालून त्यांच्याकडेच बघत होते. बहुधा कित्येक वर्षांत प्रथमच त्यांनी इंडिकेटर दिला. डावीकडचा दिला, आणि उजवीकडे वळून गेले.

गुरुवारी थोरली खुर्चीत दाराकडे तोंड करून बसली होती. बाईंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे सांगितले. दोन ठिकाणी कानाशी वाकून, एका ठिकाणी ओरडून.

"म्हणजे," थोरली म्हणाली, "खांबाला धडकला तो, आणि वेडी तू?"

"हो."

"आणि आता गाडी चांगली आहे?"

"चांगली आहे."

"मग मला बसव तीत."

"आत्ता? कुठे जायचंय?"

"जायचं कुठे नाहीये. बसायचंय. चौदा महिने झाले हे दार बघतेय मी. दाराला काही वळण येत नाही."

थोरलीला गाडीत बसवायला वीस मिनिटे लागली. आधी पाठ, मग कंबर, मग एक पाय उचलून आत, मग दुसरा. प्रत्येक अवयवाबरोबर एक शिवी, त्यातल्या दोन वडिलांच्या वेळच्या. काठी मागच्या सीटवर आडवी ठेवली. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली.

"हे टकटक काय वाजतंय?"

"इंडिकेटर."

"बंद कर. डोकं उठतं."

"वळेपर्यंत बंद होणार नाही."

"मागे कोणी नाही!"

"तुला मान तरी वळवता येते का मागे बघायला?"

"मग वळ लवकर!"

बाई वळल्या. टकटक थांबली. उन्हात रस्ता सरळ पसरला होता. कडेला कोणीतरी नवे घर बांधत होते, आणि ते कोणाचे यावरून दोघींची लगेच जुंपली. बांधकाम मागे पडल्यावर थोरलीने काच खाली करायला लावली, हात बाहेर काढला, वारा बोटांतून जाऊ दिला. भांडण तिने अर्ध्यावर सोडले, हे बाईंच्या माहितीत पहिल्यांदाच घडत होते.

"आता उजवीकडे घे," ती म्हणाली.

"उजवीकडे काहीच नाहीये."

"तुला काय माहीत? शेवटची कधी गेली होतीस?"

बाईंनी आठवून पाहिले. आठवेना. त्यांनी आरशात पाहिले, दांडी ओढली आणि गाडी उजवीकडे घेतली.